मोटार पाहण्याचा कार्यक्रम

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं कानात अत्तराचा फाया खोचून हायवेवर चहा प्यायला जाऊ नये, असं प्रभावतीचं म्हणणं होतं, आणि ते तिनं घरात, दारात, विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. चहा घरी होतो. साखरेचा डबा काही कुलपात नसतो. ज्यानं जन्मभर एसटी चालवली, उमरखेडपासून नागपूरपर्यंतचा एकूण एक खड्डा ज्याच्या कंबरेला तोंडपाठ, त्या माणसाचं रिटायर झाल्यावर असं काय पाहायचं राहिलं होतं, की एक दिवसाआड शर्टाला नीळ देऊन पांढरकवड्याकडे पळावं?

हा माणूस म्हणजे विठ्ठलराव, तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन टाकळीत आली तेव्हा तो अंगणात काठीनं टायर पळवत होता आणि त्याचं नाक वाहत होतं. ते नाक तिनं आपल्या नव्या लुगड्याच्या पदरानं पुसलं होतं. नवरा गेल्यावर तिनं कुंकू सोडलं नव्हतं आणि दिराला बोलणंही; तो हक्क आपल्याकडे राहतो तो त्या पदरामुळे, असा तिचा हिशेब.

"भाऊजी, घर खाते काय तुमाले?" ती ओट्यावरून विचारायची.

"मोटार पाह्याले जातो वयनी."

"मंग काल काय पाह्यलं?"

"काल नाई गेलतो. परवा गेलतो."

"परवापासून वाढली काय ते?"

विठ्ठलराव हसायचे आणि सायकल काढायचे. मागे अंगणात अत्तराचा वास रेंगाळायचा आणि त्यानं कोंबड्या शिंकतात, असं प्रभावती सांगायची. कोंबड्या शिंकत नसतीलही. पण प्रभावतीनं एकदा सांगितलं की टाकळीत त्या शिंकायच्याच.

विठ्ठलरावांचं लग्न झालं नव्हतं, आणि त्यात तिचा काडीचा दोष नव्हता. मुलगी पाहायला जायचं तर प्रभावतीला सोबत न्या, असं आसपासची गावं म्हणायची. शिक्षण दुसरी यत्ता. एसटीची पाटी वाचायची, पण वाचून होईस्तोवर बस निघून जायची. माणूस मात्र ती एका नजरेत वाचायची. वाईटाला तिनं कधी चांगलं म्हटलं नाही आणि, त्याहून अवघड म्हणजे, चांगल्याला कधी वाईट म्हटलं नाही. बाभुळगावापासून उमरखेडपर्यंत तिनं पसंत केलेल्या सुना नांदत होत्या. फक्त घरच्या दिरापुढे तिची कला वाया गेली. मुलगी पोह्यांची ताटली घेऊन बैठकीत आली, की विठ्ठलराव बैठकीबाहेर. उमरखेडला तर त्या पोरीनं दोन गाणी म्हटली, आणि तेवढा वेळ नवरदेवाचे फक्त पाय दिसत होते, तेही पोरीच्या मामाच्या जीपखालून. परतीच्या बसमध्ये प्रभावतीनं विचारलं, "कशी वाटली?" तर म्हणाले, "क्लच गेला हाय वयनी. त्याईले सांगाले पाह्यजे होतं."

तेव्हापासून तिनं तो विषय सोडला होता.

आता ते साल होतं दोन हजार सहा. कापसाला भाव नव्हता, आणि कापसाला भाव नसला की गावात लग्न नसतं. दोन हंगाम झाले, प्रभावतीला कोणी मुलगी पाहायला बोलावलं नव्हतं. बोलवायला कोणी येत नव्हतं, मात्र शहरातून जीपगाड्या यायच्या, गळ्यात कॅमेरा घातलेली पोरं उतरायची आणि घरोघरी हळू आवाजात बोलायची. एकानं तिलाही विचारलं, "आजी, घरात कोणी खचलं आहे का?" ती म्हणाली, "तुह्या गाडीचा मागचा टायर खचला हाय बाबू. आधी तो पाह्य." पोरगा वळून पाहतो तर खरंच खचला होता. तो काढून, पंक्चर जोडून होईपर्यंत तिनं त्याला जेवू घातलं आणि कॅमेरा काही उघडू दिला नाही.

तर अशा दिवसांत एका सकाळी विठ्ठलराव समोर येऊन बसले आणि म्हणाले, "वयनी, मोटार घेतो म्हनतो."

प्रभावती सुपात तूर पाखडत होती. तिनं पाखडणं थांबवलं नाही.

"कोनती? जे पाहून पाहून झिजवली ते?"

"अमेरिकेची हाय. मस्टँग. आठ सिलेंडरची. आपल्या इकडे एकबी नाई."

"काहून नाई, इचार केला का कधी? अन पैसे?"

"पैसे नाई लागत. रोशनले वावर पाह्यजे. माह्या वाट्याचं, हायवेच्या कडेचं. त्याचा ढाबा रस्त्यात जाऊन राह्यला, चौपदरी होते नं. मी वावर देतो, तो मोटार देते."

सूप थांबलं. आत भाकरी थापत असलेली तिची सून साधना हीसुद्धा थांबली. हायवेच्या कडेचं ते वावर म्हणजे विठ्ठलरावांच्या वाट्याची शेवटची जमीन. ती गेली की या माणसाकडे पेन्शन, सायकल आणि एक मोटार उरणार. शिवाय वाटणी कागदावर झालेली नव्हती, सातबारा सामाईक होता, म्हणजे प्रभावतीच्या सहीशिवाय एक ढेकूळ हलणार नव्हतं. हे विठ्ठलरावांनाही माहीत होतं, म्हणून तर समोर येऊन बसले होते.

तिला वाटलं, आता सूपच फेकून मारावं. पण समोरचा माणूस तिच्याकडे असा पाहत होता, की आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागतोय. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात दुसरंच काही सळसळलं होतं. दोन हंगामांनी कोणीतरी तिला काहीतरी पाहायला बोलावत होतं.

"पाहून येऊ," ती म्हणाली. "रीतीनं पाहू. अस्सल असन तं सही करून देतो. नकली असन तं त्याच मोटारीत तुमाले बसवून टाकळीपर्यंत ढकलत आनतो."

विठ्ठलरावांचा चेहरा खुलायला हवा होता. तो जरा उतरला. तिला वाटलं, घाबरला.

साधनाचा भाऊ नागपूरला गॅरेजात होता. साधनानं त्याला फोन करून विचारून घेतलं, जुनी अमेरिकन मोटार कशी पारखायची. तो म्हणाला, स्टेअरिंग कुठल्या बाजूला आहे ते पाहा, पत्रा मूळचा आहे का लोहचुंबक लावून पाहा, आणि काहीही झालं तरी इंजिन पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. बाकी सगळं रंगवता येतं, इंजिन रंगवता येत नाही. प्रभावतीनं हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यात नवीन काय हाय? पोरी पाह्यचंबी असंच असते." मग तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, पिशवीत नारळ घातला, हळदी-कुंकवाची डबी घातली, आणि पसंत पडली तर तोंड गोड करायला साखरेची पुडी घातली.

तिघं काळीपिवळी जीपमध्ये बसले. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "कुठं जी आजी, एवढं नटून?"

"पोरगी पाह्याले."

"कुठली?"

"अमेरिकेची."

सगळी गाडी वळून पाहायला लागली. साधना पदरात तोंड घालून हसत होती. विठ्ठलराव खिडकीबाहेर पाहत होते, जणू तुरीचं पीक त्यांनी याआधी कधी पाहिलंच नव्हतं.

ढाबा पांढरकवड्याच्या अलीकडे होता. चार खाटा, एक भट्टी, ट्रक लागायला मोठी मोकळी जागा. रोशन हा तिशीतला, ओठावर बारीक मिशी आणि जिभेवर मध. त्याची आई विमलताई भट्टीजवळ उभी होती. सडसडीत, पन्नाशी ओलांडलेली, साडीचा पदर कमरेला खोचलेला. तिचा नवरा डोमाजी ट्रकचा मिस्त्री होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिनं पाहुण्यांना पाण्याचे गिलास दिले. विठ्ठलरावांचा गिलास तेवढा ठेवायच्या आधी पदरानं पुसला.

"या जी, बसा जी. पोहे टाकतो, तर्रीचे."

"बसू मंग," प्रभावती उभ्यानंच म्हणाली. "आधी पोरगी आना बाहेर."

विमलताईनं एक क्षण तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाचा कोपरा हलला. "पोरगी बाहेरच हाय जी. अंगावर पांघरून घेऊन बसली, लाजते."

प्रभावतीला ती बाई तिथंच आवडली, पण तसं दाखवायची रीत नसते.

ढाब्यामागे ताडपत्री झाकलेलं काहीतरी उभं होतं. रोशननं दोन्ही हातांनी ताडपत्री ओढली, आणि प्रभावती, जी कोणाच्याच घरी कधी 'वा' म्हणाली नव्हती, ती "मायबाई" म्हणाली. लाल. पोळ्याला रंगवलेल्या शिंगांसारखी लाल. लांबच लांब नाक, नाकापासून शेपटापर्यंत दोन पांढरे पट्टे, बसकी, रुंद, जणू आता उडी मारणार. पुढच्या जाळीवर पितळी घोडा पळत होता. साधना दोन्ही हात गालाला लावून उभी राहिली. हायवेवरून जाणाऱ्या ट्रकवाल्यानं उगाचच हॉर्न दिला.

"मावशी, हे वणीकडच्या जिनिंगवाल्या शेठनं बोटीनं आनली होती," रोशन सुरू झाला. "बाबानं त्याईची लय सेवा केली, तं जिनिंग बंद पडल्यावर शेठ म्हने, डोमाजी, हे तू घे."

"नाव काय पोरीचं?"

"मस्टँग."

"मी लाली म्हनतो," विमलताई मागून म्हणाली.

"वय?"

"चाळीस," रोशन म्हणाला.

"दिसत नाई."

"खातीपिती हाय मावशी."

"खाते किती?"

आता रोशन अडखळला. विठ्ठलराव पटकन म्हणाले, "आठ सिलेंडर म्हटल्यावर खाईनच वयनी. मोठ्या घरची हाय."

प्रभावतीनं मान वळवून दिराकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस मुलगी पाहताना बैठकीत हजर होता, आणि वर मुलीच्या बाजूनं बोलत होता. तिला आतून इतका आनंद झाला की तिनं लगेच आवाज चढवला.

"तुमी थांबा. नवरदेवानं बोलू नये." आणि ती घोड्यापाशी वाकली. "साधना, इकडे ये. याच्या तोंडात काय हाय?"

साधना वाकली. "लगाम हाय आत्याबाई."

"अमेरिकेतून पोहत आला, अन लगाम घालून आला?"

"माहा भाऊ म्हने, मस्टँगचा घोडा मोकळा राह्यते. जंगली."

"हे लग्नाचं मॉडेल हाय," रोशन म्हणाला.

प्रभावती इतकी हसली की तिला घोड्यालाच धरावं लागलं. घोडा हलला. एका स्क्रूवर होता.

त्यानंतर तिला कोणी थांबवू शकलं नाही. ती गाडीभोवती पदर खोचून फिरली, जशी ती मुलीच्या घरात न्हाणीघरापर्यंत फिरायची. दार उघडून आत बसली, उठली, परत बसली, कारण सीट फार मऊ होतं. साधनानं सांगितलं, स्टेअरिंग उजवीकडे आहे, अमेरिकेत डावीकडे असतं. रोशन म्हणाला, शेठनं मुंबईला बदलून घेतलं. "लग्नाआधीच डोयाचं आपरेशन," प्रभावती म्हणाली, "अन आमाले सांगितलं नाई." ढाब्यावर एक फुटका लाऊडस्पीकर पडला होता; साधनानं त्याच्यातलं लोहचुंबक मागून आणलं. दाराला लावलं तर टक्कन चिकटलं. लांब नाकावर लावलं तर घसरत घसरत येऊन प्रभावतीच्या पायावर पडलं.

"पुट्टी," साधना म्हणाली. "पत्रा खाली कुठतरी असन."

"पावडर," प्रभावती म्हणाली. "बोटभर."

तिनं बोनेटवर आडव्या बोटानं वाजवलं, बाजारात मडकं वाजवतात तसं. आवाज आला तो मडक्याचा नव्हता, भिंतीचा होता. ती मजेत होती, पण बोट वाजवता वाजवता तिला हायवेच्या कडेचं ते वावर दिसायला लागलं. एवढ्या पुट्टीसाठी ते जाणार होतं. एक 'नकली' म्हटलं की वाचणार होतं. पण तसं म्हणायचं तर खात्री हवी. घोडा बदलता येतो, स्टेअरिंग बदलता येतं, म्हातारपणी तोंडाला पावडर कोणीही लावतं. उगाच चांगल्याला वाईट म्हणून आपलं नाव खराब करून घ्यायला ती तयार नव्हती, दिरासाठीसुद्धा नाही.

"आता गानं म्हनून दाखवा," ती म्हणाली. "सुरू करा. अन हे उघडा, पोट पाहू द्या."

"बॅटरी बसली हाय मावशी," रोशन म्हणाला.

"मी पाह्यलं वयनी इंजिन," विठ्ठलराव घाईनं म्हणाले. "म्या सोता पाह्यलं. अस्सल हाय. आठच्या आठ सिलेंडर. उघडाची काई गरज नाई. चला, पोहे थंडे होतीन."

त्यांच्या कपाळावर घाम होता.

विमलताई पोह्यांच्या ताटल्या घेऊन येत होती. तिनं त्या खाटेवर ठेवल्या, हात पदराला पुसले, आणि गाडीचं दार उघडून आत वाकली. कुठलीतरी तार ओढली. बोनेट टक्कन वर आलं.

"आई," रोशन म्हणाला.

"चूप. माह्या दारातून कोनी पोट न पाह्यता पोरगी नेऊ नये." तिनं सीटवर बसून किल्ली फिरवली, थोडं थांबली, परत फिरवली.

बॅटरी बसलेली नव्हती. लालीनं एकदा खोकल्यासारखं केलं, मागून काळा धूर सोडला, आणि मग ती जी धडधडायला लागली, धड-धड-धड-धड, की खाटेवरच्या ताटल्या वाजायला लागल्या आणि डिझेलचा वास तर्रीच्या वासात मिसळला.

"हे तं मॅटाडोर हाय," साधना म्हणाली. लहानपणी ती मॅटाडोरमधूनच शाळेत जायची. तिला गॅरेजातल्या भावाची गरज नव्हती.

"मॅटाडोरचंच," विमलताई त्या आवाजावरून ओरडून म्हणाली. मग तिनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. "आंग कॉन्टेसाचं, इंजिन मॅटाडोरचं. नाक डोमाजीनं सोता ठोकून बनवलं. नागपूरच्या एका दुकानात त्यानं क्यालेंडर पाह्यलतं, त्याच्यावर अशी गाडी होती. क्यालेंडर नाई भेटलं, म्हनून घरी येऊन आठवून आठवून बनवली. लग्नाच्या वरातीले द्याची म्हनून. लय वराती केल्या जी हिनं. शेठ-गिठ कोनी नाई. हे माह्या पोट्ट्याचं डोकं हाय."

तिचा आवाज सांगताना खाली गेला नाही. उलट नाकापाशी आल्यावर तिनं नाकावरून हात फिरवला.

"आई, तू सौदा मोडला," रोशन म्हणाला. तो रडवेला झाला होता. "आता वावर कुठं भेटते? चल मंग नागपूरले. मी हॉटेलात नोकरी करतो, तू खोलीत बस."

प्रभावतीनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं, कारण ती दुसरंच काहीतरी जुळवत होती. ती सावकाश दिराकडे वळली. हा माणूस ओट्यावर डोळे मिटून बसायचा आणि दीड मैलावरच्या हायवेचा आवाज ऐकून सांगायचा, उमरखेडची गाडी आहे, डायवर नवा आहे, तिसऱ्या गिअरला घाई करतो. आणि पाच मिनिटांनी ती बस थांब्यावर यायची तेव्हा डायवर नवाच असायचा. या माणसाला मॅटाडोर कळली नाही?

"भाऊजी, हे गाडी सुरू झालेली तुमी आयकली होती?"

"हाव."

"कधी?"

विठ्ठलराव घोड्याकडे पाहत होते. "पह्यल्याच दिवशी."

"अन मंग आठ सिलेंडर?"

"चार हाय," ते म्हणाले. "चांगले हाय पन."

"चार चांगल्या सिलेंडरपायी शेवटचं वावर देत होते?"

रोशनच्या डोळ्यांतलं पाणी तिथंच थांबलं. विठ्ठलरावांनी कानातला फाया काढला, बोटांत चोळला, परत घातला.

"रस्ता झाला की ढाबा जाते," ते शेवटी म्हणाले. "ढाबा गेला की रोशन नागपूरले जाते. अन आईले संग नेते. वावर आपलं टाकळीच्या फाट्याले हाय. ढाबा तिथं आला असता, तं कोनाले कुठं जा लागलं नसतं." मग, जणू हे वेगळंच कारण आहे अशा आवाजात, "चहा बरा राह्यते इथला."

प्रभावती खाटेवर बसली. बसली म्हणजे पडलीच. तिचे खांदे हलायला लागले, आणि साधनाला वाटलं, आता आत्याबाई रडतात. पण ती हसत होती. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी वाहीपर्यंत, कुंकू पसरेपर्यंत हसत होती. गावोगावच्या पोरी हिनं या माणसाला दाखवल्या, एकीकडेही यानं मान वर करून पाहिलं नाही, आणि म्हातारपणी स्वतःहून निघाला तर सांगायला तोंड नाही. म्हणून वावर द्यायला तयार, मोटार खोटी आहे हे माहीत असून घ्यायला तयार, आणि वर वहिनीला ती पाहायला घेऊन आला, नटवून, नारळासकट.

"काका," रोशन हळूच म्हणाला, "म्हनजे तुमी गाडी पाह्याले नव्हते येत?"

"तू चूप राह्य," प्रभावती डोळे पुसत म्हणाली. "तू पोरीकडचा हाय."

मग ती विमलताईकडे वळली, आणि आता तिचा आवाज बैठकीतला झाला, जसा तो हो-नाहीच्या आधी व्हायचा. "बाई, तुमाले हे ठाऊक होतं?"

विमलताई ताटल्यांवरची माशी वारत होती. "हा मानूस साखर नोको म्हनून सांगते, अन तीन कप पेते. एवढं तं समजते जी. गाडीखाली तोंड घालते, अन वर काढते तं माह्याकडे पाह्यते, हातात पाना उलटा. ढाब्यावर लय डायवर येते, कोन कायले येते ते मले कळते."

"अन तुमचं?"

"माहं?" तिनं मान वर केली. "वावराच्या बदल्यात मी कोनाच्या गावाले येनार नाई. मोटारीच्या आडूनबी नाई. म्या आज बोनेट काहून उघडलं? या मानसाची जमीन माह्या लालीपायी गेली असती, तं जल्मभर त्याच्या तोंडाकडे पाहू शकली नसती. अन पाहाले मले आवडते." हे शेवटचं ती भट्टीकडे तोंड करून बोलली. "ज्याले काई इच्याराचं असन, त्यानं मले इच्यारावं. पोरगा माहा लहान नाई, तो हो म्हनन."

रोशननं हो म्हणायला तोंड उघडलं, पण त्याच्याकडे कोणीच पाहत नव्हतं, म्हणून त्यानं पोह्यांची ताटली उचलली.

प्रभावतीनं पदर नीट केला, पसरलेलं कुंकू पुसून डबीतलं नवीन लावलं, आणि उभी राहिली. मुलगी पाहून झाल्यावर ती नेहमी उभी राहूनच बोलायची. साधना हात जोडून बाजूला सरकली. विठ्ठलराव लालीला टेकून उभे होते. अठ्ठावन्न वर्षांचे, कान लाल, मोटारीच्या रंगाला जुळून गेलेले.

"भाऊजी, आयका," ती म्हणाली. "मोटार नकली हाय. घोडा नकली, नाक नकली, शेठ तं जल्मलाच नाई. हिच्यापायी वावराचं एक ढेकूळ मी देत नाई, अन सहीबी करत नाई. रोशनले फाट्याची पट्टी ढाब्याले भाड्यानं पाह्यजे असन, तं त्यानं टाकळीले येऊन मले इच्यारावं, तो येगळा येवहार. आता रीतीचं. सोताच्या पोराचा सौदा मोडून जे बाई आपल्या मोटारीचं पोट उघडून दाखवते, तिच्यात म्या लय खोट शोधली, तिनं गिलास पुसला तवापासून शोधून राह्यली, अन मले सापडली नाई. मानूस अस्सल हाय. पाट लावून लगन कराचं असन तं म्होरं मी उभी राह्यतो, कोनी काई बोललं तं त्याच्या घरापुढे जाऊन बोलतो. पन इच्याराचं काम माहं नाई. तोंड तुमाले देवानं देल्लं हाय, आज ते उघडा. मी तोवर पोहे खातो."